अकरावा बुटका

"वैद्य घेऊ की दुसरी दांडगी घेऊ?" बाबांनी विचारलं.

मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "वैद्य."

"का?"

"दर वर्षी तुम्ही वैद्यच घेता म्हणून."

"हे काही उत्तर झालं नाही," बाबा म्हणाले, पण त्यांनी यादीत 'वैद्य' लिहून टाकलं.

सप्टेंबरमधला रविवार होता. हकनॉल गावातल्या बाबांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केक भाजायचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये बाटलीच्या बुचांवर चिकटवलेले चौदा बुटके रांगेत उभे होते, प्रत्येक जण बोटाच्या पेराएवढा. बाबांनी नाकावर एकावर एक असे दोन चष्मे चढवले होते. अडतीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडलेले ते हात. त्या हातांत मांजराच्या मिशीएवढा ब्रश घेऊन ते एका बुटक्याच्या कोटावर बटणं रंगवत होते.

खेळ म्हणजे रग्बी आणि दंगल यांच्या मधलं काहीतरी. कापडाचं मैदान, फासे, आणि दोन्हीकडे अकरा अकरा खेळाडू, वर दोन-तीन राखीव. कुणाचा संघ राक्षसांचा, कुणाचा भुतांचा. बाबांचा बुटक्यांचा. बुटके इतरांच्या गुडघ्याला लागतात, त्यांना पळवत नाही, चेंडू त्यांच्या हातात टिकत नाही आणि जेवणाची वेळ झाली की त्यांचं खेळात लक्ष नसतं, असं नियमांच्या पुस्तकातच छापलेलं आहे. एकोणीस वर्षांत बाबांनी सात सामने जिंकले होते. त्यातले दोन समोरचा आलाच नाही म्हणून.

"नेव्हिल म्हणतो, कमजोर संघाने वैद्यावर पैसा घालवू नये," बाबा म्हणाले. सुरुवातीचा संघ उभारायला प्रत्येकाला कागदावरच्या दहा लाख मोहरा मिळतात, आणि त्या कशा खर्चाव्यात यावर बाबा आणि नेव्हिल बेक्सन दोन दशकं भांडत होते. "म्हणतो, दोन दांडग्या घे, उरलेल्यात फासा पुन्हा टाकायच्या संधी घे. बुटका काय, औषधापेक्षा नवा स्वस्त पडतो."

"बरोबरच आहे त्यांचं."

"स्वस्त आहे म्हणून त्याचं डोकं फुटलं तर दुखत नाही का?"

मी पान उलटलं.

"गेल्या सीझनला बावीस गेले," बाबा म्हणाले. "बावीस वेळा उठलो. गुडघ्यांचा पार बोऱ्या वाजला."

त्यांच्या गुरुवारच्या मंडळाची ती रीत होती. मैदानात कुणाचा खेळाडू मेला की सगळ्या टेबलांवरचे फासे थांबायचे. मालकाने उभं राहायचं, मेलेल्याबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे आणि मगच त्याला उचलायचं. राक्षसवाल्यांवर ही वेळ वर्षातून एकदा यायची. बाबांवर दर आठवड्याला.

"मग वैद्याचा उपयोग काय झाला?"

"तेविसावा वाचला ना!"

बुटक्यांच्या मदतीला एखादी धिप्पाड दांडगी घेता येते; संघातली एकुलती एक दांडगी, बर्था, खांद्यावर ओंडका घेऊन ट्रेच्या कोपऱ्यात उभी होती. ती समोरच्याला लोळवते खरी, पण निम्म्या वेळा आपण इथे कशाला आलो हेच तिला आठवत नाही. "माझ्यासारखी," बाबा म्हणाले. "मीही जिना चढतो आणि वर जाऊन उभा राहतो." मग त्यांनी एक बुटका माझ्या पुस्तकावर आणून ठेवला. तो अजून नुसता राखाडी होता. "हा अकरावा. याला तू रंगव. नावही तूच ठेव."

"बाबा, मला त्यातलं काय कळतं?"

"नाव ठेवायला काय कळावं लागतं? तुझं ठेवलं तेव्हा मला काय कळत होतं?"

"ठेवा काहीही."

त्यांनी बुटका उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. "राहू दे. सीझन ऑक्टोबरात आहे. वेळ आहे."

निघताना त्यांनी परसातल्या शेंगा वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. लिंकनला माझ्या घरी पोचल्यावर मी फोन केला. "पोचले," मी म्हणाले. ते म्हणाले, "बरं." आमची बोलणी अशीच असत.

मंगळवारी सकाळी ते दूध आणायला गेले, दुकानाच्या पायरीवर जरा टेकले आणि पुन्हा उठले नाहीत.

अंत्यविधी दोन आठवड्यांनी झाला. विधी चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, घरच्यांपैकी कुणाला बोलायचंय का? घरची म्हणजे मीच. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर पुस्तकांमध्ये काढलेली मी, ग्रंथालयात रोज लोकांना हवे ते शब्द शोधून देते. त्या दिवशी एकही सापडला नाही. मग बाईंनी कागद काढला आणि सांगितलं की विल्फ ऑल्डरशॉ यांना ट्रेंट नदीच्या काठी बसून मासे धरायची अतिशय आवड होती.

बाबांना पाण्याचा तिटकारा होता. माशांचा त्याहून.

शेवटच्या रांगेत मंडळाचे सहा जण बसले होते. त्या सहाही जणांना एकदम खोकला आला. मी चूक दुरुस्त केली नाही. मासे तसेच राहिले.

नंतरच्या चहाला मंडळाचा कारभार पाहणारे नेव्हिल बेक्सन माझ्याजवळ आले. त्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे पन्नाशीला टेकले तरी मी त्यांना सर म्हणते. त्यांच्या एका हातात हॅमचं सँडविच होतं, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

"लॉर्ना, ही वेळ नाही, मला कळतंय."

"बोला ना, सर."

"गुरुवारी पहिला सामना आहे. विल्फची यादी अपुरी आहे. आणि नियम चारप्रमाणे, यादी अपुरी असेल तर जागा जाते."

"जाऊ दे ना मग."

"इल्केस्टनचा एक जण थांबलाय. भुतं घेऊन." ते सँडविचकडे पाहत राहिले. "नियम चार विल्फनेच लिहिलाय गं. मला तो मोडता येत नाही, अन् त्याच्यावरच लावताही येत नाही. एकच नाव राहिलंय. आणि एकाचा रंग."

"मला खेळता येत नाही, सर."

"त्यालाही येत नव्हतं."

"आणि कुणी मेलं की उठून बोलायचं असतं. आज पाहिलंत ना तुम्ही?"

नेव्हिल सरांनी विचार केला. "वैद्य आहे ना संघात," ते म्हणाले. मी वर्गात चुकीचं उत्तर दिलं की त्यांचा जसा चेहरा व्हायचा, तसाच आता झाला होता. म्हणजे उत्तर चुकीचं आहे हे त्यांनाही माहीत होतं.

बाबांच्या टेबलाशी बसून मी अकरावा रंगवला. ब्रश हातात धरल्यावर कळलं की तो दोन चष्म्यांशिवाय दिसतच नाही. मी माझ्या चष्म्यावर बाबांचा चढवला. बटणं काढायला गेले तर कोटाला देवी आल्यासारखं झालं. नाक आणि तोंड एकाच फटकाऱ्यात निघालं. बाकीचे तेरा नीटनेटके बुटके त्याच्याकडे पाहत होते. कुणी काही बोललं नाही. घराण्याची रीतच आहे ती.

गुरुवारी, मंडळ भरतं त्या क्लबच्या मागच्या खोलीत पुदिन्याच्या चटणीतल्या वाटाण्यांचा वास भरला होता. पहिला सामना गेल स्पर हिच्याशी होता. गेल दाताच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या राक्षसांच्या संघाचं नाव हाडमोडे.

नेव्हिल सर पेन काढून बसले. "क्रमांक अकरा. नाव?"

"अजून ठरलं नाही."

"म्हणजे? लॉर्नाच ना?" गेल म्हणाली.

"लॉर्ना मी आहे."

"अगं हो, पण अकरावी पण लॉर्नाच असते. दर वर्षी." गेल माझ्याकडे निरखून पाहायला लागली. "थांब. म्हणजे ती तू? अय्या! तुला मी स्वतः तीन वेळा मारलंय!"

"चार," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"चौथ्यांदा ती आपण होऊन पडली होती, ते मी धरत नाही."

नेव्हिल सरांनी कपाटातून एक जाड वही काढली. मंडळात मेलेल्या प्रत्येकाबद्दल जे बोललं गेलं, ते त्यांनी शाळेतल्या हजेरीसारखं उतरवून ठेवलं होतं. त्यांनी पानं उलटून वही माझ्यापुढे सरकवली.

'लॉर्ना, क्र. ११. कुणाला पाडलं नाही. पण पडलेल्याला लाथही घातली नाही.'

'लॉर्ना, क्र. ११. मैदानातही वाचत असावी, कारण राक्षस आलेला तिला दिसला नाही. हुशार मुलगी. माझ्यावर गेली नाही.'

मग अकरा वर्षांपूर्वीचं एक पान. 'लॉर्ना, क्र. ११. आई आजारी असताना चार महिने रोज लिंकनहून गाडी चालवत आली. एकदा म्हणून तक्रार नाही. मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.'

त्या पानाखाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं : 'वेळेची मर्यादा ओलांडली. हरकत नाही.'

मी वही मिटली. चष्मा पुसला. मग पेन मागून घेतलं आणि अकराव्या चौकटीत 'विल्फ' लिहिलं.

सरांनी ते पाहिलं. "दिवंगत सभासदाचं नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही," ते म्हणाले. "मी आधीच बघून ठेवलंय."

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या पाच मिनिटांत माझे चार बुटके आडवे झाले. नुसते आडवे, मेले नव्हते. प्रत्येक वेळी मी जीव मुठीत धरून फाशाकडे पाहायची. बर्था मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि कशाला आलो हे आठवत राहिली. गेल खेळता खेळता वाटाणे खात होती.

"वैद्य वापर ना गं," ती म्हणाली. "तिघं बेशुद्ध पडलेत."

"एकदाच मिळतो ना? राहू दे. लागेल."

"विल्फपण अस्सच करायचा. शेवटपर्यंत राखायचा आणि मग त्या अकरावीवर उधळायचा."

अर्ध्या खेळानंतर चेंडू एका राक्षसाच्या हातून निसटला, दोनदा उसळला आणि विल्फच्या हातात येऊन बसला. मी फासा टाकला. चेंडू टिकला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. विल्फ पळाला. एक घर, दोन घरं, तीन. चौथ्या घरासाठी मी फासा टाकला आणि एक पडला. तो आपल्याच पायात पाय अडकून, चेंडूसकट, गेलच्या सगळ्यात मोठ्या राक्षसासमोर उताणा झाला.

गेलने चमचा खाली ठेवला. तिने फासे उचलले नाहीत.

"मी त्या दुसऱ्याला मारते," ती म्हणाली. "तो पण जवळच आहे."

"चेंडू याच्याकडे आहे."

"असू दे."

"गेल, बाबांनी तुला कधी सूट दिली?"

"एकदाही नाही. मेला म्हातारा." तिने नाक पुसलं. "सॉरी हं, डक." आमच्याकडे सगळे सगळ्यांना लाडाने डक, म्हणजे बदक, म्हणतात. पण त्या दिवशी ते ऐकायला बरं वाटलं.

"मग टाक."

तिने टाकले. मग पुन्हा टाकले. मग फाशांकडे बघत हळूच म्हणाली, "गेला."

"वैद्य," मी म्हणाले.

त्याला वाचवायला फाशावर चार किंवा जास्त हवे होते. मी फासा दोन्ही तळव्यांत धरून खूप वेळ हलवला. कुणी घाई केली नाही. टाकला. दोन पडले.

खोलीतले बाकीचे फासे थांबले. सरांनी वही उघडली, तारीख घातली आणि पेन धरून बसले. मी नाही उठले, तर कुणी काही म्हणणार नव्हतं. तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. समोर कापडावर देवी आल्यासारखा कोट घातलेला माझा बुटका पडला होता. त्याला उचलायचं तर आधी उठणं भाग होतं.

मी उठले. खुर्ची मागे पडली. कुणीतरी ती उचलून उभी केली.

"विल्फ," मी म्हणाले. "विल्फ, क्रमांक अकरा. तीन घरं पळाला. आपल्याच पायात अडकून पडला."

"खरंय," कुणीतरी म्हणालं.

"मासे त्याला आवडायचे नाहीत."

अख्खी खोली हसली. गेल टेबलावर हात आपटून हसली आणि वाटाण्यांचा वाडगा हिंदकळला. हसणं थांबेपर्यंत मी थांबले. सरांचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"माझे बाबा होते ते," मी म्हणाले. "मला फार आवडायचे. मी लहान होते तेव्हापासून. मी त्यांना कधी सांगितलं नाही."