ताईचा दमा

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप ताईच्या छातीवर नाही, गळ्यावर टेकवला आणि मला जवळ बोलावलं. “तुम्हीच ऐका.”

मी स्वतः डॉक्टर. वीस वर्षं दवाखाना चालवतोय, आणि या मला शिकवायला निघाल्या म्हणून डोकं तडकलंच होतं. तरी ऐकलं. ताई श्वास आत घेताना शिट्टी वाजत होती. दम्याची शिट्टी जास्त करून श्वास सोडताना वाजते, हे कॉलेजातलं पोरही सांगेल.

तीन वर्षं मी तिला दम्याचं औषध देत होतो. घरचीच पेशंट, म्हणून तपासायचो ती जेवणाच्या टेबलाशी, स्वेटरवरूनच, गप्पा मारत. परक्या पेशंटला मी शर्टाची बटणं काढायला लावतो. पंपाचा डोस तेवढा न चुकता वाढवत गेलो. आज सकाळी जिना चढताना ती काळीनिळी पडली, तेव्हा कुठे दुसऱ्या कुणाला दाखवायची सुबुद्धी झाली.

नाकातून कॅमेरा आत गेला. पडद्यावर स्वरतंतू दिसले, अगदी ठणठणीत. त्यांच्या खाली मात्र नुसती भिंत आणि मधोमध स्ट्रॉएवढं भोक. माझी बहीण तेवढ्यावर जगत होती.

“स्वरयंत्राचा खालचा भाग आक्रसलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फार दुर्मिळ आजार. का होतो, कुणालाच नीट माहीत नाही. होतो तो बहुतेक बायकांनाच. साध्या सर्दीने थोडी सूज आली असती, तरी...”

पुढचं मला कळत होतं.

भूल देऊन त्यांनी लेसरने चिरा दिल्या, फुगा फुगवून वाट रुंद केली, स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. पुन्हा आक्रसू शकतं, अधूनमधून बघावं लागेल, हेही बजावलं.

ताई पलंगावर पडली होती आणि श्वासाचा आवाजच येत नव्हता. मी घाबरून तिच्या नाकाशी हात धरला.

“जिवंत आहे रे,” ती पुटपुटली.

“ताई, माझं चुकलं. दमा नव्हताच तुला.”

“मला अंदाज होता. पंपाने कधी तसूभर फरक पडला नाही.”

“मग बोलली का नाहीस? दुसरीकडे का नाही गेलीस?”

“सख्खी बहीण दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असती, तर तुझ्या दवाखान्यात कोण आलं असतं?”

मला तिथेच, दोन नर्सांच्या देखत, रडू कोसळलं.