माझं दुखणं ताईंच्या तोंडून

मी मरणार, हे मला लाँड्रीत इस्त्रीच्या प्रेसवर उभी असतानाच कळलं. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. हॉटेलच्या चादरींचा ढीग समोर, एक टोक माझ्या हातात, दुसरं टोक पलीकडच्या बाईच्या हातात, आणि एकाएकी माझ्या छातीतून काहीतरी तापलेलं वर चढलं. मान, गाल, कान, सगळं पेटलं. पाठोपाठ काळीज असं धडधडायला लागलं की पलीकडच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. तिला कसलं ऐकू जातंय! ती आपली सुनेची गाऱ्हाणी सांगत होती.

आमच्या लाँड्रीत प्रेसच्या खोलीत जिला घाम येत नाही, ती कामचुकार समजली जाते. त्यामुळे माझी ही गरमी वर्षभर मशिनच्या गरमीत खपून गेली. मीही तशीच समजूत घालून घेतली होती. पण मग रविवारी घरी, पंख्याखाली भाजी निवडत बसलेली असतानाही तेच व्हायला लागलं, आणि तिथे तर मशिन नव्हतं. मला घाबरायला एवढं पुरलं. माझी आई माझ्याच वयाची असताना छातीवर हात ठेवून बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून छातीत जरा कुठे हललं की मला आई दिसते.

झोप उडाली होती. विसरायला तर इतकं लागलं होतं, की जिना चढून वर जायचे आणि कशाला आले ते आठवत उभी राहायचे. पाळीचं म्हणाल तर कधी दोन-तीन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत दारात हजर, तीही अशी की उभं राहवत नसे. पण पाळीचा आणि काळजाचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नवऱ्याला छातीचं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘पित्त असेल. थंड दूध पी.’’ उद्या घराला आग लागली तरी हा माणूस तिला थंड दूध पाजेल.

मागे एकदा मी हिंमत करून एकटीच बायकांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. रस्ताभर वाक्यं घोकली होती. डॉक्टरबाईंनी चष्मा सारखा करून विचारलं, ‘‘काय होतंय?’’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘गुडघे दुखतात.’’ छातीचं सांगितलं असतं तर त्यांनी तपासलं असतं, आणि तपासलं असतं तर मला कळलं असतं. ते कळायचीच तर मला भीती होती. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन मी घरी आले आणि निमूटपणे त्या संपवल्यासुद्धा.

त्या दिवशी प्रेसवर मात्र माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भिंतीला टेकले आणि प्रेसचं झाकण एका टेबलक्लॉथवर तसंच राहिलं. जळका वास सुटला, बायका ओरडल्या, आणि ओरडण्याच्या पाठोपाठ ताई आल्या.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, आणि लाँड्रीत डागांच्या टेबलावर त्यांचं राज्य आहे. शाई, हळद, गंज, रक्त, काहीही आणा, ताईंच्या हाताखालून कापड कोरं होऊन जातं. नव्या मुलींना पहिला धडा असतो, ‘‘रक्ताला गरम पाणी दाखवलंस तर याद राख. पक्कं बसतं.’’ माघारी सगळ्या त्यांना फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही.

त्यांनी जळलेला टेबलक्लॉथ बाजूला फेकला, मला दंडाला धरून मागे मळक्या कपड्यांच्या टोपल्यांपाशी नेलं आणि म्हणाल्या, ‘‘बोल. काय होतंय?’’

मला रडूच फुटलं. छाती, गरमी, झोप, विसरणं, आई, सगळं सांगून टाकलं. गुडघ्यांचंही सांगितलं.

‘‘आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!’’ ताई कडाडल्या. ‘‘डॉक्टरसमोर खोटं बोलायला पैसे देऊन गेली होतीस का गं?’’ मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘‘आणि पाळीचं?’’

‘‘कधी येते, कधी नाही.’’

‘‘डाग कसा असतो?’’

‘‘कसा म्हणजे? असतो तसा.’’

‘‘पार थांबली, आणि मग पुन्हा आली, असं काही?’’

‘‘थांबलीय कुठे अजून?’’

ताई एप्रनचं टोक पिळत राहिल्या, जणू त्यातून पाणी निघणार होतं. फौजदार गप्प बसली म्हणजे माझं काही खरं नाही, असंच मला वाटलं.

‘‘उद्या डॉक्टरकडे जायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी येते.’’

ताईंनी रजा टाकली! भावाचा पाय मोडला तेव्हासुद्धा टाकली नव्हती. आता मात्र मी मनातल्या मनात निरवानिरव करायला लागले. माझ्या बांगड्या कोणाला द्यायच्या इथपर्यंत मी पोचले होते.

दवाखान्यात खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. समोर एक पोटुशी मुलगी मोबाइलवर काहीतरी बघून हसत होती, तिचा मला उगाचच राग आला. ताईंचा पाय सारखा हलत होता, खुर्ची फरशीवर वाजत होती. मी म्हटलं, ‘‘ताई, आत गेल्यावर माझी वाचाच बसते.’’

‘‘तू बोलूच नकोस. मी बोलते.’’

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! लहान मुलासारखी मी त्यांच्या मागून आत गेले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. ताई माझ्या मागे उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. ‘‘गुडघे कसे आहेत?’’

‘‘गुडघ्यांचं सोडा, डॉक्टर,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पाळी बंद होऊन हिला दोन वर्षं झाली होती. आता पुन्हा अंगावरून जायला लागलंय.’’

मी मान वळवून वर पाहिलं. दोन वर्षं? कालच तर सांगितलं, थांबली नाही म्हणून. घाबरून गोंधळ होतोय यांचा, असं वाटून मी तोंड उघडणार, तोच ताईंचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला.

‘‘किती जातं? रोज?’’

‘‘रोज नाही. आधी नुसता ठिपका असायचा. मग बरेच दिवस काही नाही. आता पाणचट असतं, फिकट गुलाबी. वाळलं की तपकिरी कड धरतं. मिठाच्या थंड पाण्यात लगेच टाकलं तर निघून जातं, मागमूस राहत नाही.’’

‘‘दुखतं?’’

‘‘कंबर धरते. पण कामाने धरत असेल.’’

ताई धडाधड उत्तरं देत होत्या, परीक्षेत पाठ करून आलेल्या मुलीसारख्या. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘तुम्ही सांगा. शेवटची पाळी कधी आली?’’

‘‘गेल्या आठवड्यात,’’ मी म्हणाले. ‘‘चांगली चार दिवस.’’

‘‘आणि हे पाणचट, गुलाबी?’’

‘‘मला असलं काही होत नाही.’’

डॉक्टरबाईंची नजर माझ्यावरून वर गेली.

‘‘मग हे कोणाला होतंय?’’

खांद्यावरचा हात हळूच निघाला. इतके दिवस स्वतःच्या मरणाला मी भीत होते, ती भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. आम्ही एका घरात राहतो, एका मोरीत कपडे धुतो, एका दोरीवर वाळत घालतो. मला एक डाग दिसला नव्हता. दिसणार कसा? त्या हातांनी कोणाचाच डाग कधी मागे ठेवला नाही.

मी खुर्चीवरून उठले. ‘‘ताई, इथे बसा.’’

‘‘अगं, आपण तुझं दाखवायला आलोय ना?’’

‘‘माझं कुठे पळून चाललंय? बसा तुम्ही.’’

ताई बसल्या. डॉक्टरबाईंनी तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले, आणि आत्ता तोंडाचा पट्टा चालवणारी ही बाई मुकी झाली. कधीपासून, असं विचारल्यावर त्या टेबलाची कड बोटाने पुसायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘भावाचा पाय मोडला तेव्हापासून.’’

माझ्या नवऱ्याचा पाय मोडला, प्लास्टर निघालं, काठी सुटली, तो पुन्हा लाँड्रीची गाडी चालवायला लागला, त्यालाही महिने लोटले. एवढा सगळा काळ!

‘‘कोणाला सांगितलं नाही?’’

‘‘काय सांगायचं? बायका म्हणतात, गेलेली परत आली तर चांगलंच. अंगात अजून जोर आहे म्हणायचं.’’ ताई हसायला गेल्या, पण ते हसू काही जमलं नाही.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, ‘‘पाळी वर्षभर बंद राहिली, आणि त्यानंतर एक ठिपका जरी दिसला, तरी तो डॉक्टरला दाखवायचा. त्याला परत आलेली पाळी समजायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. गर्भाशयाचं आतलं अस्तर नाजूक होतं, कधी छोटीशी मऊ गाठ वाढते. पण काही वेळा तो कॅन्सर असतो, आणि लवकर सापडला तर त्यावर चांगले उपचार होतात. म्हणून आज सोनोग्राफी करू. गरज वाटली तर आतला छोटा तुकडा तपासायला पाठवू.’’

‘‘पण तुम्हाला काय वाटतं? काही नसेल ना?’’ ताईंनी विचारलं.

‘‘बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही.’’

पडद्यामागे तपासून झालं, ताई साडी सारखी करून आल्या. मग डॉक्टरबाईंनी मला बसवलं. ‘‘आता तुमचं. गुडघे सोडून.’’

मी सगळं सांगितलं. ताईंच्या भीतीने माझी जीभ मोकळी झाली होती की काय कोण जाणे. आईचंही सांगितलं. त्यांनी रक्तदाब घेतला, आईची हकीगत आहे म्हणून छातीची ईसीजीची पट्टी काढायला सांगितली, रक्त तपासायला लिहून दिलं. म्हणाल्या, पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. गरमीच्या लाटा, धडधड, झोप न लागणं, विसरायला होणं, हे सगळं त्यातलंच बहुधा. औषधं आहेत, सोसत बसायची गरज नाही, पण होतंय ते सगळं सांगायचं, लाजायचं नाही. वर्षभर माझा जीव ज्यासाठी टांगणीला लागला होता, ते ऐकायला मिळालं, आणि मला मेलीला आनंद म्हणून झाला नाही.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाक होता. ताईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

मग त्या बोलल्या, ‘‘तुझ्या नावावर सांगितलं, राग आला ना?’’

‘‘आला. मला दोन वर्षांपूर्वीच म्हातारी करून टाकलीत.’’

‘‘मला वाटलं, डॉक्टर तुला म्हणतील, काही नाही, घरी जा. म्हणजे मग मलाही काही नाही, असं धरून मी गप्प राहिले असते.’’

‘‘आणि त्या तसं म्हणाल्या असत्या तर?’’

त्यांच्या बोटांवरची कातडी डाग काढण्याच्या औषधांनी पांढरी पडली आहे, त्या बोटांनी त्या पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या.

‘‘मला भीती वाटते गं,’’ त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी या बाईला भीत आले. ती कशाला भीत असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. काही होणार नाही हो ताई, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. असलीच वाक्यं ऐकून आम्ही दोघी इतके महिने गप्प बसलो होतो.

‘‘मलाही वाटते,’’ मी म्हटलं आणि त्यांचा हात धरला.

दार उघडलं. आतल्या मुलीने बाकावरच्या आम्हा दोघींकडे पाहिलं. ‘‘पेशंट कोण?’’

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही मी उठेन, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि खरंच सांगते, मला उठता आलं असतं तर मी उठले असते. मी बसून राहिले. त्या मुलीने पुन्हा विचारलं.

‘‘मी,’’ ताई म्हणाल्या. पर्स माझ्या मांडीवर ठेवून त्या आत गेल्या.