बिनकाट्याची करडई

भाषा शिकलेला माणूस जगात कुठेही अडत नाही, असे रायभान मास्तर बदनापूरच्या शाळेत वीस वर्षे सांगत आले होते. फसली १३४७ च्या, म्हणजे इंग्रजी १९३८ च्या, वैशाखात, भर दुपारी, ते ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून रशियन भाषेचे पुस्तक खाली दाबत होते, आणि दारात कोतवाल कचरू उभा होता.

"मास्तर, ठाण्यात अमीनसाहेबानं बलावलंय. जल्दी."

"कशापायी?"

"पाकीट आलंय तुमचं, रूसवरून. साहेब सकाळधरनं उलटंपालटं करून राह्यलेत. एक आखर लागंना. लई तापलेत."

झुंबरबाईने नवऱ्याच्या हाती टोपी दिली. तिच्या तळहातांवरचे करडईचे काटे अजून निघाले नव्हते. दर फाल्गुनात काढणी झाली की ती दोन-दोन महिने सुई घेऊन बसे आणि भाकरी बोटांच्या टोकांनी थापी.

"म्या म्हन्लं व्हतं का काही?" ती म्हणाली. "हात माझे हायेत. माझी तक्रार न्हाई."

तक्रार मास्तरांची होती. रशियात सरकारी बियाण्यांचे मोठे कोठार आहे, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. जगातले सगळे बी तिथे असेल, तर बिनकाट्याची करडईही असणारच. पत्र लिहायचे म्हणून भाषा शिकायला घेतली. पुस्तक जालन्याच्या छावणीतून पलटण उठली तेव्हाच्या भंगारातले. रशियन फौज खाली उतरेल या भीतीने कधीकाळी गोऱ्या अंमलदारांसाठी छापलेले. त्यातला पहिला धडा 'थांब' हा होता. दुसऱ्यात तोफा किती ते विचारले होते. अकराव्यात मात्र गव्हर्नराला करायच्या अर्जाचा नमुना होता. पदव्या-किताबांशिवाय अर्ज कोणी उघडत नाही, हे निजामाच्या रयतेला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या देशाने आपल्या बादशहाला गोळी घालून वीस वर्षे झाली होती, तिथल्या बियाण्यांच्या कोठाराला मास्तरांनी 'कुलीनश्रेष्ठ महामहिम' असे लिहिले आणि दुसऱ्या धड्यातले 'किती आहेत, खरे सांगा' हे वाक्य शेवटी जोडले. काट्याला पुस्तकात शब्द नव्हता. त्यांनी करडईचे झाड काढले आणि एकेक काटा लाल शाईने खोडला.

ठाण्यात टेबलावर पत्र होते, शेजारी बियांची कापडी थैली.

"पढो, मास्टर," अमीनसाहेब म्हणाले. "मजमून लिख के ऊपर भेजना है. बोल्शेविक की बात निकली तो नौकरी गई समझो. जेल अलग."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. पत्रात चौदा ओळी होत्या. पुस्तकातली काही अक्षरे त्या देशातून नाहीशीच झालेली दिसत होती. महामहिम नव्हते, घोडागाडी नव्हती, तोफ नव्हती. ओळखीचा शब्द एकच, 'न्येत', म्हणजे नाही. तो तीनदा आला होता. तिसऱ्यांदा तळाशी, खाली जाड रेघ ओढलेला, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी मेंढीचे चित्र काढले होते.

"हुजूर गव्हर्नर साहब बखैर हैं," मास्तर वाचू लागले. मानेवरून घाम सदऱ्यात उतरत होता. "घोडे भी बखैर हैं."

"घोडे? कितने?"

"नहीं लिखा, साहब."

अमीनसाहेबांनी 'घोडे, तादाद नामालूम' असे लिहून घेतले. मग त्यांचे बोट तळाशी आले.

"ये बकरी क्यों?"

"दावत दी है."

"और ये लफ्ज तीन बार? नीचे लकीर भी?"

कचरू दाराशी पाय बदलून उभा राहिला. मास्तरांना कणगीतली ज्वारी आठवली. झुंबरबाई संध्याकाळच्या दळणासाठी तिथेच हात घालणार होती.

"सलाम है, साहब. बडे आदमी को तीन बार करते हैं. आखरी वाला झुक के."

अमीनसाहेब हैदराबादला दरबार पाहून आलेले होते. त्यांनी मान डोलावली.

"शरीफ लोग हैं," ते म्हणाले. पत्र त्यांनी फाइलला लावले आणि थैली मास्तरांकडे सरकवली.

कार्तिकात मास्तरांनी ते बी पेरले. कुठे पेरायचे हा प्रश्न बदनापुरात कोणाला पडत नाही. करडई ज्वारीच्या चारी बाजूंनी, बांधाच्या कडेने पेरतात, म्हणजे जनावर आत शिरत नाही. झाडे वर आली, पाने धरली. काटा एकही नव्हता. झुंबरबाई बांधाच्या कडेला बसली आणि एका पानावरून तळहात फिरवला. मग दुसऱ्या पानावरून, दुसरा तळहात.

"वासराच्या कानावानी हाय," ती म्हणाली. मास्तर दुसरीकडे पाहू लागले.

पौषात बिरू धनगर मेंढरे घेऊन त्या वाटेने आला. तो दरसाल येई, आणि करडईचा काटा लागला की मेंढरे आपोआप वाटेवर वळत.

दुपारी तो शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, म्या हाकलली. पन टोचलंच न्हाई त्यांस्नी, मंग थांबतील कशी?"

मेंढरांनी चारी कडांची करडई आणि आतली निम्मी ज्वारी खाल्ली होती.