हिरवा सोडून कुठलाही रंग

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि जबलपुरात आमच्या रांझीहून राइट टाउनला जाणारी सकाळची बस बंद झाली. साऱ्या बसगाड्या मिलिटरीच्या गाड्या बनवणाऱ्या फॅक्टरीच्या पाळ्यांसाठी लागल्या होत्या. पुरुषांचं काही अडलं नाही, ते सायकलीने फॅक्टरीत जात. अडलं ते पोरींचं. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा मुली राइट टाउनच्या शाळेत शिकत होत्या आणि घराघरांत बोलणं सुरू झालं होतं, की आता राहू द्या, इतकी शिकली ते पुरे. माझे शेजारी गुणवंतराव तर आपल्या ज्योतीसाठी नागपूरकडचं एक स्थळ पाहूनही आले होते. बस असती तर ते मॅट्रिकपर्यंत थांबले असते, असं मला वाटतं. माझं वाटणं बरोबरच असेल असं नाही.

आमच्याच गल्लीतल्या प्रमोदिनीवहिनी त्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी गाडी घेतली.

हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एकच स्कूटर होती. मिलिटरीच्या लिलावात निघालेली ती जुनी स्टेशन वॅगन होती. वहिनी माहेरी भावाच्या गाडीवर चालवायला शिकल्या होत्या आणि लायसन्स त्यांच्याकडे होतं. पण गाडी होती मिलिटरीच्या हिरव्या रंगाची. तो रंग गेल्याशिवाय खाजगी गाडी म्हणून ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. सोमवारी आर.टी.ओ.ची तपासणी होती. पास झाली, तर मुली शाळेत जाणार होत्या. नाही झाली, तर पुढची तारीख लढाई संपल्यावर, असं कचेरीत सांगितलं होतं.

रंगाऱ्याला द्यायला काही उरलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, घरीच रंगवू.

त्यांचे यजमान मुरलीधरराव फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये होते. ब्रशाच्या रेघा पत्र्यावर उठून दिसतात आणि फवाऱ्याचं यंत्र घरी आणणार कुठून, म्हणून त्यांनी रोलर बनवला. लाटण्याएवढं गोल लाकूड, त्यात आरपार सळई आणि वरून वहिनींच्या लग्नातल्या रजईची शनील घट्ट शिवलेली. मी वाचनालयात पुस्तकं देणारा-घेणारा माणूस. मला त्यांनी काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायला दिली, आणि मी तीही तिरकी चिकटवली.

वहिनींना रंग लावताना पाहणं ही एक गोष्ट होती. रंग त्या टर्पेंटाइन घालून ताकासारखा पातळ करत. रोलर बुडवून पाटीवर निथळू द्यायच्या आणि मग पत्र्यावरून असा फिरवायच्या, की हाताचं वजन त्यावर पडतच नसे. पहिला हात वाळला, की ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, मग दुसरा हात. खालचं हिरवं दिसत राहायचं. बघणाऱ्यांना वाटे, हे काय रंगवणं? त्या म्हणत, एकदम झाकायला गेलं की ओघळतं.

रंग पिवळा आणला होता, तोच स्वस्त मिळाला. पण गल्लीचे वॉर्डन श्यामसुंदरजी म्हणाले, ब्लॅकआउटमध्ये हा चांदण्यात चमकेल, जरा मंद करा. मुरलीधररावांनी उरलेल्या रंगात थोडा काळा टाकला. फॅक्टरीतली मंडळी भोवती उभीच होती. कोणी म्हणालं अजून थोडा, कोणी म्हणालं अजून एक थेंब. शेवटी सगळे एका सुरात म्हणाले, "बस, आता बरोबर."

त्याचाच शेवटचा हात गाडीला दिला. शनिवारी दुपारी रंग वाळला आणि वहिनी गाडी गल्लीबाहेर एक चक्कर मारायला घेऊन गेल्या. मुरलीधरराव शेजारी बसले, मी मागे. फॅक्टरीच्या गेटासमोरून जाताना पहाऱ्यावरच्या जवानाने टाच आपटून सलाम ठोकला.

वहिनींनी पुढे जाऊन गाडी थांबवली. खाली उतरून दारापासून लांब गेल्या आणि गाडीकडे पाहत राहिल्या. पिवळ्यात काळा पडून हुबेहूब तोच मिलिटरीचा हिरवा झाला होता. इतकी वर्षं तोच एक रंग पाहणाऱ्या माणसांना तो दिसल्याबरोबर बरोबर वाटला होता.

"काहून असं झालं?" मुरलीधरराव स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"तुमच्या हाताला दुसरं येतच नाही, त्याला तुम्ही काय करणार?" वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा होता, पण राग नव्हता.

पिवळा संपला होता. वहिनी घरोघर गेल्या आणि दिवाळीत दारं-खिडक्या रंगवून उरलेले डबे मागून आणले. कुठे विटकरी होता, कुठे निळा, कुठे तपकिरी. एकही रंग गाडीला पुरेल इतका नव्हता, तेव्हा मिसळणं आलंच. रविवारी सकाळी त्यांनी मुलींना अंगणात बोलावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही गाडीकडे पाठ करून बसा. आज फॅक्टरीचा डोळा नको. रंग पोरी सांगतील."

श्यामसुंदरजी काही सुचवायला पुढे आले, तर ज्योती म्हणाली, "चाचाजी, आप भी उधर." तेही मुकाट्याने मुरलीधररावांशेजारी जाऊन बसले.

मुलींपैकी विभावरी ढवळत होती, ज्योती "अजून निळा नको" म्हणून हात धरत होती. वहिनी प्रत्येक वेळी पत्र्याच्या तुकड्यावर एक पट्टा ओढून उन्हात धरत. शेवटी मुली थांबल्या. पिकलेल्या जांभळासारखा, थोडा मातकट रंग झाला होता. त्याला काय म्हणावं ते मला तेव्हाही कळलं नाही. वहिनींनी त्याच हलक्या हाताने, उन्हाकडे बघत, संध्याकाळपर्यंत हात दिले. गुणवंतराव फाटकाशी येऊन लेकीला पाहत उभे राहिले. मग ऊन कलल्यावर रंगाला गरमी मिळावी म्हणून घरून शेगडी घेऊन आले.

सोमवारी इन्स्पेक्टरसाहेब गाडीभोवती फिरले. दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं पाहिलं. कागदावर रंगाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"मैडम, इसे कौन-सा रंग लिखूँ?"

"जो आपको लगे, लिखिए," वहिनी म्हणाल्या, "बस, हरा मत लिखिए."

साहेब हसले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

मंगळवारी सकाळी मुली गाडीत बसल्या. गुणवंतरावांनी ज्योतीसाठी स्वतः दार उघडलं. थंडीमुळे रंग, आतल्या पत्र्यावरचाही, अजून पुरता वाळला नव्हता, हात लावला तर ठसा उमटत होता. म्हणून सगळ्या जणी हात मांडीवर ठेवून, अंग चोरून बसल्या, आणि तशाच शाळेत गेल्या.