रोही गेले कुठी?

माझा धाकटा भाऊ किशोर यानं ‘राखण’ नावाचा गेम तयार केला, तेव्हा त्यातली सगळी चित्रं मी काढली. आम्ही मूळचे पातूरजवळचे. घरी झेंडू, शेवंती, निशिगंध. बाबा पहाटे फुलं तोडून अकोल्याच्या बाजारात पाठवतात. आता आम्ही दोघं भावंडं अकोल्यातच राहतो. मी शाळांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि किशोर एका ऑफिसात कोड लिहितो. गेम म्हणजे त्याचा सुटीच्या दिवसांचा उद्योग.

आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला, की सकाळी नुसती माती दिसते. गेम त्याच्यावरच होता. खेळणारा म्हणजे शेताचा राखणदार, हातात फक्त टॉर्च. रोह्याला मारायचं नाही, जखमी करायचं नाही. उजेड दाखवून, वळवून, हळूहळू धुऱ्याबाहेर, म्हणजे बांधापलीकडं, काढायचं. सोपं वाटतं, पण एकाला वळवायला गेलं की दुसरा मागून शिरतो. हा गेम विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि लोकांना आवडला होता.

एक दिवस अचलपूरहून फोन आला. तिथल्या मुलींच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भागीरथा मॅडम बोलत होत्या.

“पोरींले वाटते, गेम म्हणजे जपानात नाई तर अमेरिकेत बनते,” त्या म्हणाल्या. “आमच्या विज्ञान प्रदर्शनात तुमचा गेम ठेवा. हे आपल्याच बाजूच्या मानसानं केलं, हे त्याइले पाहू द्या. फक्त एक हाय. आमच्या मशीनींवर विंडोज नाई, लिनक्स हाय.”

“त्यात काय मॅडम, होऊन जाईन,” किशोर म्हणाला.

त्याला खरंच तसं वाटलं होतं. लिहिलेला कोड तोच, फक्त लिनक्ससाठी पुन्हा बांधायचा, बस. त्यानं बांधला, चालवला, तर पडदा काळा. काही दिवस झटून त्यानं तो काळा पडदा घालवला, तर अर्धी चित्रं नाहीत. ऑफिसातून आला की तो लॅपटॉपसमोर बसायचा आणि जेवताना बोलायचा नाही. शेवटी एका रविवारी त्यानं लॅपटॉप मिटला.

“मी मॅडमले नाई म्हणून सांगतो, ताई. ते लिनक्सच येडं हाय.”

मी म्हटलं, “एकदा कोणाले विचारून तर पाह्य.”

त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी अमरावतीच्या आरतीताईंचं नाव सांगितलं. पुण्यात बरीच वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं: एका यंत्रणेसाठी लिहिलेला गेम दुसऱ्या यंत्रणेवर नेणं. आईच्या आजारपणात त्या अमरावतीला परत आल्या आणि मग इथूनच काम करू लागल्या. फोनवर त्यांनी फारसं काही विचारलं नाही. “घेऊन या,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या खोलीत एका लांब टेबलावर तीन कॉम्प्युटर होते. एकावर विंडोज, एकावर लिनक्स, तिसरा जुना मॅक. किशोरनं लगेच कोड उघडून दाखवायला सुरुवात केली. आरतीताईंनी त्याचा हात बाजूला केला.

“थांब बावा. पहिले मले खेळू दे.”

आणि त्या खेळत बसल्या. विंडोजवर, जिथं गेम नीट चालत होता तिथं. चहा आला, आम्ही प्यायलो, त्यांचा कप तसाच राहिला. एक रोही बुजगावण्यामागं लपून मान बाहेर काढतो, तिथं त्या मोठ्यानं हसल्या. मला फार बरं वाटलं. ती मान मी तीनतीनदा काढली होती. टॉर्च जवळून मारली तर रोही बिथरतो आणि लांबून मारली तर आधी थबकतो, हे त्यांनी न सांगता ओळखलं. किशोर चुळबुळत होता.

“तुमी हे काहून खेळून राहिल्या? हे तर चालतेच ना,” तो शेवटी म्हणाला.

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “गेम इथी कसा हाय, हे ठाऊक नसन तर तिथी पोचला का नाई, हे कसं कळन?”

मग त्या लिनक्सकडे वळल्या. हरवलेल्या अर्ध्या चित्रांचा पत्ता लगेच लागला, आणि तो निघाला माझ्याकडे. मी फाइलींना नावं देताना कधी पहिलं इंग्रजी अक्षर मोठं लिहिलं होतं, कधी लहान. किशोरनं कोडमध्ये सगळीकडे लहान. विंडोजला ही दोन्ही नावं एकच वाटतात. लिनक्सला ती दोन वेगळी माणसं वाटतात, आणि मागितलेला माणूस सापडला नाही की ते गप्प बसतं.

“येडं नाई ते,” आरतीताई किशोरला म्हणाल्या. “कडक हाय. तू जे सांगतलं तेच करते.”

नंतर गेममधली मराठी अक्षरं. ‘ज्वारी’चं जोडाक्षर सुटून पडलं होतं, ‘किशोर’ मधली वेलांटी क सोडून पलीकडं जाऊन बसली होती. विंडोजवर मराठी अक्षरं जुळवायचं काम विंडोज स्वतः करत होतं आणि किशोरला त्याचा पत्ताही नव्हता. इकडं ते काम गेमनं स्वतः करायला हवं होतं. आरतीताईंनी त्याला ते कसं जोडायचं ते दाखवलं, आणि जोडायला त्यालाच बसवलं. स्वतः कीबोर्डला हात लावला नाही. त्यात आमच्या अकोला-अमरावती अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. सुटी आली की आम्ही सकाळची गाडी धरायचो.

एका फेरीत चित्रं दिसली, अक्षरं जुळली, आवाज आला. किशोरनं टाळी वाजवली. शेत दिसत होतं, राखणदार चालत होता, टॉर्चचा उजेड घाट्यांवरून फिरत होता. फक्त रोही नव्हते. आम्ही वाट पाहिली. शेत मोकळं. हरभरा हिरवागार, आणि त्यात कोणीच नाही.

किशोर खुर्चीत मागं रेलला. “घ्या. आता जनावरंच गेली.”

त्यानं कोड वर-खाली केला. रोही तयार होण्याची जागा तपासली, चित्राचं नाव तपासलं. सगळं बरोबर. दुपार झाली. त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, लॅपटॉप मिटला त्या रविवारसारखा.

“मले वाटते सोडून द्यावं,” तो म्हणाला. “एक नीट केलं की दुसरं. ह्याले अंतच नाई.”

 आरतीताई पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. शेतात किती रोही बाकी आहेत, तो आकडा तिथं दिसतो.

“हा आकडा शून्य नाई,” त्या म्हणाल्या. “गेम म्हणते, रोही हायत. मंग ते हायत. आपल्याले दिसून नाई राहिले, एवढंच.”

“पण कुठी?”

“चाल, धुंडू.”

त्यांनी गेमचा कॅमेरा मागं घ्यायला सुरुवात केली. खेळणाऱ्याला तसं करता येत नाही. कोडमध्ये शिरून करावं लागतं. शेत लहान झालं. पडद्याएवढं होतं ते पोस्टकार्डाएवढं झालं, मग चिंचेच्या पानाएवढं, मग नुसता हिरवा ठिपका. भोवती सगळा काळोख, कारण त्यापलीकडं मी काही काढलंच नव्हतं. आरतीताई कॅमेरा मागं घेतच राहिल्या. मग त्या काळोखात पार उजवीकडं एक कण दिसला. त्यांनी तिथं कॅमेरा नेला आणि जवळ आणला.

रोही होता. मी काढलेला, पाठीवर निळसर छटा असलेला. त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. तो शांतपणे उभा राहून शेपटी हलवत होता.

आणखी लांब दुसरा होता. त्याच्याही पलीकडं तिसरा, मान खाली घालून नसलेला हरभरा खात होता.

 किशोर उठून पडद्याजवळ गेला.

“हे इतक्या लांब कसे गेले?”

“गेले नाई. तूच ठेवले,” आरतीताई म्हणाल्या. “रोह्याची जागा ठरवाले तू फासा टाकतं, म्हणजे मशीनले कोणताही एक आकडा मागतं. विंडोजच्या फाशावरचा मोठ्यात मोठा आकडा तुले पाठ होता. तो धरून तू शेताचा हिशेब बांधला. लिनक्सचा फासा हजारो पटीनं मोठा हाय. दान पडलं, आन् रोही शेतात पडाच्या ऐवजी पार नागपूरच्याही पल्याड जाऊन पडला.”

किशोर हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. किती दिवसांनी तो असा हसत होता! मग तो घाईनं खुर्चीत बसला.

“एक आकडा बदलला की झालं. आता करतो.”

“होईन,” त्या म्हणाल्या. “आज होईन. उद्या मॅकवर नेशील, परवा फोनवर. तिथी आणखी निराळा फासा असन. त्यापेक्षा फासा आपलाच घेऊन जाऊ. आपण बनवलेला. मंग पातूरच्या पोरीनं खेळलं काय आन् परतवाड्याच्या पोरीनं खेळलं काय, दोघींच्या शेतात रोही एकाच जागी शिरन.”

 किशोरला घाई होती, प्रदर्शन जवळ आलं होतं. तरी त्यानं नवीन फाइल उघडली आणि लिहायला लागला. संध्याकाळच्या गाडीला निघताना विंडोज आणि लिनक्स, दोन्ही कॉम्प्युटरवर रोही एकाच वेळी, एकाच धुऱ्यावरून, शेतात शिरले. आम्ही तिघांनी ते उभं राहून बघितलं.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही अमरावतीला उतरलो, तर आरतीताई स्टँडवर आधीच उभ्या. त्या येणार असं ठरलंच नव्हतं.

“माह्या टेबलावर चालते, हे काई उत्तर नाई,” त्या म्हणाल्या, आणि अचलपूरच्या एसटीत चढल्या.

भागीरथा मॅडमनी लॅब उघडून ठेवली होती. कॉम्प्युटरांवर फुलाफुलांच्या कापडाची झाकणं शिवून घातलेली. मशीनी खूपच जुन्या. किशोरनं गेम टाकला, सुरू केला. शेत आलं, रोही आले. टॉर्च लावली, आणि पडदा पूर्ण काळा झाला.

 मुली बाहेर व्हरांड्यात रांगेत बसल्या होत्या, त्यांचा गलबला आत येत होता.

आरतीताईंनी टॉर्च बंद केली, लावली, पुन्हा बंद केली. “उजेडाचा हिशेब या मशीनींच्या जुन्या चिपले झेपून नाई राहिला,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “साधना, तू काळोख काढू शकतं का?”

“काळोख?”

“मोठं काळं चित्र. मधोमध विरळ होत होत पार आरपार. ते चित्र शेतावर ठेवू, आन् राखणदारासंगं फिरवू. उजेड वाटन. चित्र सरकवणं या मशीनींले जमते.”

मी बॅगेतून टॅब्लेट काढला आणि शिक्षकांच्या टेबलाशी बसले. आजवर मी उजेड काढला होता, सावल्या काढल्या होत्या, नुसता काळोख कधी काढला नव्हता. कडेला दाट, मग राखाडी, मग विरत गेलेला. पहिला फार गोल आला, खोटा वाटला. दुसऱ्यात मी कड थोडी फाटू दिली, खऱ्या टॉर्चच्या उजेडाची फाटते तशी. तोवर किशोरनं जुना हिशेब बाजूला काढून चित्र फिरवायची सोय केली होती. आरतीताई त्याच्या मागं उभ्या राहून एकेक ओळ वाचत होत्या. एके ठिकाणी त्यांनी नुसतं बोट ठेवलं. त्यानं मान हलवली आणि ती ओळ बदलली.

टॉर्च लागली. हरभऱ्यावर पिवळट उजेड पडला, फाटक्या कडेचा. मला तर तो पहिल्यापेक्षा खरा वाटला. किशोर म्हणाला, “ताई, हाच विंडोजवरही टाकू.”

मॅडमनी दार उघडलं. मुली आत आल्या आणि एकेका मशीनला तिघी-चौघी बिलगल्या. पहिल्यांदा रोही दिसल्यावर जो ओरडा झाला, तो शेजारच्या वर्गातून शिक्षक पाहायला आले इतका. “अवं, मागून आला, मागून!” “टॉर्च लांबून मार ना, जवळून कावून मारतं!” एक मुलगी ठासून सांगत होती, की तिच्या मामाच्या शेतात अस्साच शिरतो. मॅडम मुलींना म्हणाल्या, “हे अकोल्याचे किशोर सर. हा गेम यायनं बनवला.” मुलींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो लाजून लालबुंद झाला.

“मी एकट्यानं नाई,” तो म्हणाला. “चित्रं ताईची. आन् तुमच्या मशीनीवर जे चालून राहिलं, ते...”

तो आरतीताईंना शोधू लागला. त्या कौतुकाच्या गर्दीत नव्हत्या. खिडकीजवळच्या शेवटच्या मशीनपाशी त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या होत्या. त्या मशीनवर रोही जरा अडखळत चालत होते. खेळणाऱ्या मुलींच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मलाही आलं नसतं.

“चालते ना आरतीताई,” मी जवळ जाऊन म्हटलं. “पोरी मजेत खेळून राहिल्या.”

“खेळून राहिल्या,” त्या म्हणाल्या. “पण याच्यावरच्या चार पोरींले बाकीच्याइपेक्षा थोडा कमी गेम भेटून राहिला.”

किशोर एक स्टूल ओढत आला, त्यांच्या शेजारी बसला आणि लॅपटॉप उघडला.