भिंतीवरच्या मावशी

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, पण वय विचाराल तर बासष्ट. हसू नका, माझ्यावर तसं लिहिलंच आहे. वर पेन्सिलीनं काढलेला एका बाईचा चेहरा आहे आणि खाली नाव आहे, ‘मावशी’. अशी बाई जगात कुठेच नाही. तरी एका कचेरीच्या भिंतीवर मी सात वर्षं काढली.

त्या कचेरीत गोळ्यांचा डबा बनवतात. औषधाची वेळ झाली की तो वाजतो. डबा बनवण्याआधी तिथली एक ताई नऊ घरं फिरली. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग एकीची आखडलेली बोटं, दुसरीचे अधू डोळे, तिसरीचा भिडस्त स्वभाव, असं थोडं थोडं घेऊन तिनं मला लिहिलं.

सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! काहीही ठरवायचं झालं की सगळे माझ्याकडे बघायचे. झाकण घट्ट झालं तर ताई म्हणायची, “मावशींच्या बोटांना नाही उघडणार हे.” इंजिनिअर कुरकुरायचा, “तुमच्या मावशींनी जीव खाल्लाय माझा.” पण झाकण सैल करून आणायचा. डब्यावरची अक्षरंही त्यानं माझ्यासाठीच मोठी केली. डबा लोकांना आवडला, माझंही कौतुक झालं. मला मात्र एकच ओढ लागली होती. ज्या नऊ जणींची मी बनले, त्यांतली एक तरी डोळ्यांना दिसावी. बहिणी असून त्यांची भेट नाही, हे काही सोपं नसतं हो.

पुढे ताईनं नोकरी सोडली आणि नवे साहेब आले. त्यांना डबा खिशात मावेल एवढा हवा होता. अक्षरं बारीक झाली. “मावशींना दिसायचं नाही हे,” इंजिनिअर म्हणाला.

“मग मावशींना नवा चष्मा देऊ की,” असं म्हणून साहेबांनी माझ्या अधू डोळ्यांवर चिठ्ठी चिकटवली, ‘नजर चांगली’. सगळे हसले. इंजिनिअरही हसला. झाकण घट्ट झालं, तेव्हा दुसऱ्या चिठ्ठीनं माझी बोटं बरी केली. वेळ लावणं अवघड झालं, तेव्हा तिसरी चिठ्ठी आली, ‘मुलगा शेजारीच राहतो, तो लावून देतो’. डबा मला जमेना, तर त्यांनी मलाच बदललं.

त्या मुलाची मी फार वाट पाहिली. चिठ्ठीवरचा का होईना, मुलगा तो मुलगा. दार वाजलं की वाटायचं, आला. एवढं एकटं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.

एके दिवशी दार वाजलं आणि एक काकू आत आल्या. “तुमची ताई माझ्या घरी येऊन बसली होती,” त्या म्हणाल्या; म्हणजे त्या नऊ जणींतल्याच त्या एक. माझा जीव नुसता वरखाली झाला. त्यांनी पिशवीतून नवा डबा काढून इंजिनिअरसमोर ठेवला.

“परत घे बाळा. डबा चांगलाच असेल, मीच वेंधळी. वाजतो तो, पण झाकण काही निघत नाही. वरचं वाचताही येत नाही.”

“मग गोळ्या?”

“चार दिवस झाले.” त्यांनी मान खाली घातली. “डॉक्टरांना नको सांगूस. रागावतील.”

इंजिनिअरचा चेहरा उतरला. त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावून काकूंच्या हातात दिला. मग माझ्याजवळ येऊन नखानं चिठ्ठ्या खरवडू लागला. चिठ्ठ्यांबरोबर माझी खालची अक्षरंही निघून आली.

फोन ठेवून काकू त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “ही बाई कोण रे?”

“या आमच्या मावशी.”

“बऱ्या आहेत ना?”

सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“नाही काकू,” तो म्हणाला, “आम्ही त्यांचं ऐकायचं सोडलं.” आणि खुर्ची ओढून तो काकूंसमोर लिहून घ्यायला बसला.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कुणासाठी काहीतरी बनवाल. ते एखाद्याला जमलं नाही, तर आधी त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा. माझं काय, मी पुठ्ठ्याची. माझ्यावर काहीही चिकटवलं तरी चालतं. पण गोळ्या काकूंच्या चुकल्या होत्या, आणि वर ओशाळून त्याच बसल्या होत्या.