दोन रंगांची पाटी

मी एक पाटी आहे. शाळेतली नव्हे, खिडकीतली. वहीएवढी, एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल.

एका मोडक्या कपाटाच्या पाठीतून माझा जन्म झाला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुतारकाकांनी आम्हां तीस बहिणींना कापलं, घासलं, रंगवलं आणि वर भोक पाडून दोरी ओवली. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. एकटी राहणारी म्हातारी माणसं आठवडा आठवडा घराबाहेर पडत नव्हती, म्हणून गल्लीतल्या काही जणांनी गट केला. नियम साधा. सकाळी नऊच्या आत पाटी खिडकीत लावायची. हिरवी म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे मदत हवी. पाटीच दिसली नाही, तर कुणीतरी लगेच वर जायचं.

मी तिसऱ्या मजल्यावर कंडक्टर आजींकडे आले. पस्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई. शेजारचं मांजर वाटेत आलं तरी म्हणायच्या, "पुढे सरका, पुढे जागा आहे!"

पहिल्याच आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला. त्यांनी लाल बाजू लावली आणि दहा मिनिटांत चार माणसं हजर झाली. मलम आलं, सूप आलं. आणि लाल लागली की घरच्यांना कळवायचं, या गटाच्या नियमाप्रमाणे परगावच्या मुलाला फोनही गेला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, आता पुरे झालं. पुन्हा असं झालं तर मी तुला वृद्धाश्रमात ठेवणार. नाव घालून ठेवलंय."

"बरं," आजी म्हणाल्या. त्या दिवसापासून रस्त्याला माझी हिरवी बाजूच दिसू लागली.

मग ऐन गारठ्यात त्यांचा हीटर बंद पडला. आजी दोन स्वेटर आणि घोंगडी घेऊन पडून राहायच्या. चहा ठेवायलाही उठवत नव्हतं. तरी नऊच्या आत भिंत धरत धरत यायच्या, मला हिरवी लावायच्या आणि परत आडव्या व्हायच्या. मी काय करणार? जी बाजू लावतील तीच दाखवायची, हा आमचा धर्म. चार दिवस मी धडधडीत खोटं बोलले.

गटातली नर्सताई कामावर जाताना यादी घेऊन गल्लीतून जायची. वर बघायची, खूण करायची, पुढे जायची. पाचव्या दिवशी ती थांबली. मग तीन जिने चढून आली.

"हिरवी आहे ना? मग कशाला आलीस? दिसत नाही का?" दारातूनच आजी खेकसल्या.

"दिसतं की. सगळ्यांच्या काचांवर आतून वाफ धरलीय. तुमची काच मात्र स्वच्छ. घरात ऊब नाही तुमच्या." तिनं आजींचा हात धरला. "अगं बाई! बर्फ झालाय नुसता. लाल का नाही लावली?"

"लाल लावली की मुलाला फोन. मुलाला फोन की माझं बोचकं बांधून रवानगी. त्यापेक्षा थंडी परवडली."

नर्सताई खाली मान घालून म्हणाली, "चूक आमची आहे, आजी. तुम्हाला न विचारताच आम्ही तो नियम केला."

दुपारी वायरमन येऊन हीटर दुरुस्त करून गेला. रविवारी गटाची बैठक आजींच्याच खोलीत भरली. ज्यानं त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय त्याच्या घरच्यांना फोन करायचा नाही, असं ठरलं. सगळे उठणार, तोच आजींनी आवाज चढवला.

"थांबा, माझा स्टॉप यायचाय अजून! लाल म्हणजे संकट, हिरवी म्हणजे मजेत. आणि संकट नाही, पण दोन दिवसांत कुणाशी शब्द बोलले नाही, तर कुठली बाजू लावू?"

सुतारकाकांनी मला उचललं, माझ्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि दोरी त्यात ओवली. मी तिरकी झाले.

"तिरकी म्हणजे गप्पा मारायला या," ते म्हणाले.

आता माझ्या अकरा बहिणींना कोपऱ्यात भोक आहे. मुलगा अजून वृद्धाश्रमाचं बोलतो. पण आता त्याला फोन आजी स्वतः करतात, आणि आधी हीटर चालू असल्याचं सांगतात.

आज मी तिरकी आहे. तुम्ही खालून जात असाल आणि मी दिसले, तर वर या. फक्त बेल वाजवून लगेच निघून जाऊ नका. आजींना उठून दारापर्यंत यायला जरा वेळ लागतो.